शहरात लेन कशी बदलायची, आणि कधी बदलायची नाही

लायसन्स हातात आलं, क्लच-ब्रेकचा मेळ बसला, गल्लीतून गाडी बाहेर काढता येऊ लागली, की पुढचा प्रश्न मोठ्या रस्त्याचा. मुंबईत वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, पुण्यात कर्वे रस्ता किंवा कात्रज-देहूरोड बायपास, नागपुरात वर्धा रोड. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स, आठचा आकडा, चढावर थांबलेली गाडी उचलणं हे सगळं घोटून घेतात. लेन बदलणं मात्र बहुतेकदा "इंडिकेटर द्या आणि आरशात बघा" एवढ्यावर आटोपतं. नव्या चालकाला घाम फुटतो तो नेमका तिथेच.

या लेखात दोन गोष्टी एकत्र सांगतो आहे. गाडी एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये सुखरूप कशी न्यायची ही पहिली, आणि आपण लेन बदलली की मागच्या वाहतुकीचं काय होतं ही दुसरी. दुसरी नीट कळली की पहिली बरीचशी आपोआप जमते. लेन बदलण्याचा फायदा झालाच तर आपल्याला होतो. किंमत मागून येणारे दहा-वीस जण मोजतात, आणि त्यातले बहुतेक आपल्या आरशातही दिसत नाहीत.

मागे काय होतं ते आधी बघा

समजा, मधल्या लेनमध्ये सगळ्या गाड्या ताशी ४० किलोमीटरने चालल्या आहेत. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर असावं हा जगभर शिकवला जाणारा ठोकताळा आहे. या वेगाला ते २२ मीटर होतं. आता तुम्ही शेजारच्या लेनमधून त्या २२ मीटरच्या जागेत शिरलात. तुमची गाडी ४ मीटरची. उरले १८. अगदी मधोमध शिरलात तरी पुढे ९ मीटर आणि मागे ९ मीटर.

मागच्या चालकाकडे आता सेकंदभराचंही अंतर उरलेलं नाही. तो ब्रेक दाबतो. वेग ४० वरून ३० वर आणला, तरी गेलेले १३ मीटर परत मिळवायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. त्याच्या मागच्याला हे कळतं ते ब्रेक लाइट पेटल्यावर, म्हणजे थोडं उशिरा, म्हणून तो जरा जास्त दाबतो. तिसरा त्याहून जास्त. गाड्या दाटीने चालल्या असतील तर आठव्या-दहाव्या गाडीवर चक्क थांबायची वेळ येते. तिकडे तुमच्या पुढेही ९ मीटरच आहेत, त्यामुळे तुम्हीही नकळत वेग कमी करता आणि मागच्याचा ब्रेक आणखी लांबतो.

जपानमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून दाखवलं आहे. त्यांनी २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकामागून एक सोडल्या. सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, सारख्या वेगाने चालायला सांगितलं. सिग्नल नाही, चौक नाही, खड्डा नाही, लेन बदलायला दुसरी लेनही नाही. थोड्याच वेळात कुणाचा तरी वेग किंचित हलला, आणि पाहता पाहता काही गाड्या पूर्ण थांबू लागल्या. ती कोंडी एका जागी राहिली नाही. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकत होती. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. कुणी मध्ये न घुसताही एवढं होतं, तर भरगच्च रस्त्यावर मारलेल्या एका कटाने काय होत असेल ते बघा. बायपासवर वीस मिनिटं रांगतो, मग अचानक रस्ता मोकळा होतो, आणि ना अपघात दिसतो ना बंद पडलेला ट्रक. असं घडलं की समजावं, कोंडीचं कारण केव्हाच पुढे निघून गेलं आणि लाट तेवढी आपल्यापर्यंत आली.

दुसरं नुकसान यापेक्षा कमी लक्षात येतं. हळू चाललेली गाडी वेगवान लेनमध्ये शिरली, की तिच्या पुढच्या गाड्या आपल्या वेगाने निघून जातात आणि ती मात्र हळूहळू वेग पकडते. तिच्यासमोर रस्त्याचा मोठा तुकडा रिकामा पडतो, मागे रांग लागलेली असूनही. बर्कलीचे कार्लोस डगान्झो आणि होर्हे लावाल यांनी २००६ मध्ये हेच मांडलं: रस्ता भरत आला की त्याची गाड्या वाहून नेण्याची ताकद कमी होते, आणि त्यामागे अशा पोकळ जागांचा मोठा हात असतो. हिशेब साधा आहे. बिनसिग्नलच्या रस्त्यावर दर दोन सेकंदांना एक गाडी गेली, तर एका लेनमधून तासाला १८०० गाड्या जातात. दर मिनिटाला एकदा जरी चार सेकंदांची पोकळी पडली, तर तासात २४० सेकंद वाया, म्हणजे १२० गाड्या कमी. रस्ता तेवढाच, लेन तेवढ्याच, आणि १२० गाड्या मागच्या चौकात अडकलेल्या.

पायरी १ : खरंच बदलायची आहे का?

लेन बदलण्याचे दोन प्रकार धरा. पुढे वळायचं आहे, लेन संपते आहे, समोर बस बंद पडली आहे, ही गरज. शेजारची लेन जरा पळताना दिसते, ही हौस. गरज असेल तर खालच्या पायऱ्या आहेतच. हौस असेल तर एवढं वाचून मग ठरवा.

शेजारची लेन जास्त वेळा पळताना दिसते, कारण दिसण्याचं गणितच तसं आहे. टोरांटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये हे दाखवून दिलं. आपण जोरात असतो तेव्हा शेजारच्या दाटीतल्या गाड्या झपाझप, थोड्या वेळात मागे टाकतो. आपण रांगत असतो तेव्हा शेजारच्या गाड्या एकमेकींपासून लांब लांब असतात, त्यामुळे तेवढ्याच गाड्या आपल्याला मागे टाकायला कितीतरी जास्त वेळ घेतात. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी मागे पडण्यात जास्त वेळ जातो. शिवाय आपण मागे टाकलेली गाडी नजरेआड होते. आपल्याला मागे टाकलेली बराच वेळ समोर दिसत राहते.

आता मिनिटांचा हिशेब. ऑफिस १० किलोमीटरवर आहे आणि सरासरी वेग ताशी २५ पडतो, तर २४ मिनिटं लागतात. सतत लेन बदलून सरासरी दहा टक्क्यांनी वाढवलीत, जे भर गर्दीत सोपं नाही, तरी दोन मिनिटं वाचतात. आणि वाचलेले वीस-तीस सेकंद पुढचा लाल सिग्नल परत घेतो. पाच वेळा कट मारून गेलेला माणूस पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारी उभा असतो, हे दृश्य रोजचंच आहे.

माझा नियम असा: पुढची गाडी काही कारणाने सगळ्या लेनपेक्षा हळू असेल, म्हणजे टँकर, लोड रिक्षा, पत्ता शोधत चाललेला माणूस, तर बदला. पूर्ण रस्ताच हळू असेल तर आहात तिथेच राहा.

पायरी २ : लेन आधी पकडा

शहरातला सगळ्यात महागात पडणारा लेनबदल म्हणजे शेवटच्या शंभर मीटरांतला. वळण दिसलं, आपण उजव्या लेनमध्ये, आणि तीन लेन आडव्या कापून डावीकडे जायचं. नव्या चालकाच्या हातून हे घाईपेक्षा रस्ता माहीत नसल्यामुळे जास्त होतं, म्हणून त्याचा इलाज गाडी सुरू करण्याआधीच करायचा.

निघण्यापूर्वी नकाशात फक्त वळणं बघून भागत नाही, वळणाआधी कोणत्या बाजूला असायला हवं ते बघा. उड्डाणपूल असलेल्या चौकात इथे हमखास फसगत होते: उजवीकडे वळायचं असलं तरी पूल सोडून डावीकडच्या खालच्या रस्त्याला लागायचं असतं, मग पुलाखालच्या सिग्नलला उजवीकडे. "उजवीकडे जायचं आहे" म्हणून उजवी लेन धरून बसलात, तर थेट पुलावर चढता. वेस्टर्न एक्स्प्रेसवर अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव असे पूल एकामागून एक आहेत. पुण्यात नळस्टॉपला दुमजली पूल आहे. अशा प्रत्येक ठिकाणी वर की खाली हे पूल दिसायच्या आधी ठरलेलं हवं.

किती आधी? एका लेनमागे दोनशे मीटर हिशेब धरा. दोन लेन ओलांडायच्या असतील तर चारशे-पाचशे मीटर आधी सुरुवात. ताशी ४० ला पाचशे मीटर म्हणजे पाऊण मिनिट, त्यात दोन चांगल्या जागा सापडतात. गर्दीच्या वेळी दुप्पट धरा.

पायरी ३ : आरसे, इंडिकेटर, मान

गाडी उभी असतानाच आरसे लावून घ्या. बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची कड जेमतेम दिसावी, बाकी सगळा रस्ता. अनेकांच्या आरशात निम्मी जागा स्वतःच्याच दाराने अडवलेली असते. गल्लीत घासू नये म्हणून डावा आरसा मिटलेला असेल तर मुख्य रस्त्याला लागण्याआधी उघडा. बाहेरचे आरसे फुगीर असतात, त्यात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून अंतराचा अंदाज आतल्या सपाट आरशावरून घ्यायचा.

मग क्रम असा. आतला आरसा, ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा आरसा, आणि मग इंडिकेटर. इंडिकेटर दिल्यावर लगेच स्टीअरिंग वळवायचं नाही. टिकटिक चार-पाच वेळा ऐका. साधारण तीन सेकंद होतात. या तीन सेकंदांत मागचा माणूस तुम्हाला बघतो आणि पाय उचलायचा की पुढे काढायची हे ठरवतो. त्याला ठरवायला वेळ मिळाला तर तो फक्त ॲक्सिलरेटर सोडतो. नाही मिळाला तर ब्रेक दाबतो, आणि वर सांगितलेली लाट तिथून सुरू होते. गाडी अर्धी आत घातल्यावर दिलेला इंडिकेटर कुणाच्याच उपयोगाचा नाही.

तीन सेकंद संपता संपता पुन्हा आरसा, आणि मग मान वळवून खांद्यावरून एक नजर. गाडीच्या मागच्या दाराशेजारची जागा कुठल्याच आरशात येत नाही आणि आपल्याकडे त्या जागेत बहुतेक वेळा एक स्कूटर असते. नजर अर्ध्या सेकंदाची हवी. जास्त वेळ मागे बघितलं तर पुढचा थांबलेला कळत नाही. माझ्या भाचीला शिकवताना मी पहिले काही दिवस फक्त हेच करून घेतलं: लेन बदलायची नाही, सरळ चालवत राहायचं आणि मी "डावी" म्हटलं की आरसा-आरसा-खांदा बघून तिथे काय आहे ते मोठ्याने सांगायचं. "रिक्षा, लांब आहे." "दुचाकी, अगदी जवळ." मान वळवताना हातातलं स्टीअरिंगही त्याच बाजूला ओढलं जातं, ही नव्या चालकाची अडचण त्या सरावाने गेली. सोबत बसणारं कुणी असेल तर हा सराव जरूर करा.

पायरी ४ : जागा आणि वेग

जागा पुरेशी आहे का, याची एक सोपी खूण आहे: ज्या गाडीच्या पुढे जायचं आहे ती आतल्या आरशात पूर्ण, दोन्ही हेडलाइटसह, दिसली पाहिजे. तीही लहान होत जाणारी किंवा तेवढीच. मोठी होत असेल तर ती तुमच्यापेक्षा जोरात येते आहे, तिला जाऊ द्या.

वेग आपल्याच लेनमध्ये जुळवून घ्या, शिरल्यावर नाही. उजवीकडची लेन ४५ ला चालली असेल आणि तुम्ही ३५ ला, तर आधी आपल्या लेनमध्ये पुढे मोकळी जागा तयार करा, तिथे वेग ४५ च्या जवळ आणा आणि मग सरका. त्यासाठी पुढच्या गाडीपासून थोडं मागे राहावं लागतं. पुढच्याच्या बंपरला चिकटून राहिलात तर वेग वाढवायला जागाच नसते, मग ३५ नेच शिरावं लागतं आणि तुमच्यासमोर ती पोकळी पडते. घाबरलेला नवा चालक शिरण्याआधी ब्रेक मारतो, तेही याच जातीचं. हळू शिरणं सुरक्षित वाटतं, पण मागच्यासाठी ते अवघड असतं.

शिरायचं की नाही याची कसोटी एकच ठेवा: मागच्याला ब्रेक दाबावा लागणार आहे का? लागणार असेल तर थांबा, पुढची जागा येते. वाहतुकीचं संगणकावर चित्र उभं करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही हाच विचार सूत्रात बसवला आहे. केस्टिंग, ट्रायबर आणि हेल्बिंग या जर्मन संशोधकांच्या २००७ च्या सूत्रात प्रत्येक चालक आपला फायदा आणि मागच्याला पडणारा ब्रेक यांची तुलना करून लेन बदलतो, आणि मागच्याची किती पर्वा करायची यासाठी सौजन्याचा एक आकडाच आहे. सूत्राच्या भाषेत सौजन्य मोजलेलं बघून मला फार बरं वाटलं.

पायरी ५ : एका वेळी एकच लेन

शिरताना स्टीअरिंग अगदी थोडं वळवा. ताशी ४० ला लेन बदलायला तीन-चार सेकंद लागले पाहिजेत. झटक्यात शिरलं की मागचा दचकतो. आत आलात की इंडिकेटर बंद झाला का बघा, कारण एवढ्या थोड्या वळणाने तो बऱ्याचदा आपोआप पडत नाही. मग पाय हलका ठेवून पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर सावकाश परत मिळवा, ब्रेक न लावता. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर अंतर कमी आहे. आणखी एक लेन ओलांडायची असेल तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तीन लेन तिरक्या रेषेत एकदम कापणं म्हणजे तीन लेनमध्ये एकाच वेळी लाट सोडणं.

लेन संपते तिथे

मेट्रोचे बॅरिकेड, गटाराचं काम, अरुंद पूल. तीन लेनच्या दोन होतात. आपल्याकडे इथे दोन प्रकारचे लोक असतात: काही जण पाचशे मीटर आधीच घाबरून शेजारच्या लेनमध्ये घुसतात, काही जण शेवटपर्यंत मोकळ्या लेनमधून सुसाट येऊन तोंडाशी मुसंडी मारतात. पहिल्यांमुळे अर्धा किलोमीटर लेन रिकामी पडते आणि रांग मागच्या चौकापर्यंत जाते. दुसऱ्यांमुळे तोंडाशी भांडण होतं.

गाड्या रांगत असतील तेव्हा चांगली पद्धत अशी: दोन्ही लेन शेवटपर्यंत भरू द्यायच्या, दोन्हींचा वेग जवळपास सारखा ठेवायचा, आणि तोंडाशी बॅगेची चेन लागते तसं एक इकडची, एक तिकडची गाडी सोडायची. जर्मनीत हा कायदाच आहे. आपल्याकडे तो पाळला जाईल याची वाट बघायची गरज नाही. तुम्ही चालू लेनमध्ये असाल तर एका गाडीला जागा द्या, फक्त एका, आणि मग आपण पुढे जा. संपणाऱ्या लेनमध्ये असाल तर सुसाट न येता शेजारच्या लेनच्या वेगाने या, इंडिकेटर चालू ठेवा, काच खाली करून हात दाखवा. हात दाखवला की माणसं थांबतात, हा आपल्या रस्त्यांचा मोठा गुण आहे. वाहतूक मोकळी आणि वेगात असेल तर मात्र लवकर, पहिली चांगली जागा मिळेल तिथे सरकून घ्या.

पुलाखालची फुली

पुलावरून उतरणाऱ्यांना डावीकडे सर्व्हिस रोडला जायचं असतं. पुलाखालून वर येणाऱ्यांना उजवीकडे मुख्य रस्त्याला लागायचं असतं. दोघांच्या वाटा शे-दोनशे मीटरांत फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. मुंबई-पुण्यातल्या रोजच्या कोंड्यांची अनेक ठिकाणं अशीच आहेत, आणि पूल बांधूनही कोंडी हटली नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं एक कारण पूल उतरतो तिथे असतं. दोन लेनबदल समोरासमोर, जागा थोडी, वेग वेगळे: वरून येणारा ५० ला, खालून येणारा २५ ला.

इथे नव्या चालकाने काय करायचं? वरून येत असाल आणि लगेच डावीकडे जायचं असेल, तर उतारावरच वेग कमी करत आणा, म्हणजे खालून येणाऱ्याशी वेग जुळेल. आणि पूल चढण्याआधी एकदा विचारा: पुढच्याच वळणाला बाहेर पडायचं असेल तर पुलावर चढायचंच कशाला? खालून गेलात तर सिग्नलला दोन मिनिटं जातील, पण फुली टळेल. खालून वर येत असाल तर मुख्य रस्त्याला लागण्याची घाई नको, डाव्या लेनमध्येच वेग घ्या. डावीकडे जाणारे निघून गेले की पुढे जागा आपोआप होते. दोघांनी एकमेकांच्या मागून जायचं धरलं तर फुली सुटते, पुढून जायचं धरलं की गाठ बसते.

सिग्नल आणि चौक

सिग्नलच्या आधीच्या अखंड पांढऱ्या रेषेला लागलात की लेन बदलायची नाही. तुटक रेषा ओलांडता येते, अखंड नाही. सरळ जाणारा डावीकडे वळणाऱ्यांच्या लेनमध्ये जाऊन उभा राहिला की डावी वाहतूक सिग्नलभर अडते. उजवीकडे वळणारा डावीकडून आला की हिरवा लागल्यावर तो सगळ्यांना आडवा जातो आणि पहिले पाच-सहा सेकंद वाया जातात. हिरवा तीस सेकंदांचा असेल तर हे थोडं नाही. चौकात पिवळ्या तिरक्या रेषांचा चौकोन असेल तर पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा दिसल्याशिवाय आत शिरू नका, सिग्नल हिरवा असला तरी.

टू-व्हीलर, रिक्षा, बस, खड्डे

परदेशी पुस्तकांतली लेन म्हणजे एकामागे एक चालणाऱ्या मोटारी. आपल्या लेनमध्ये एका मोटारीशेजारी स्कूटरही असते आणि दोन सेकंदांच्या जागेत आणखी एक येते. आली तर येऊ द्या. ती बहुतेक पुढे निघून जाते आणि जागा पुन्हा तुमची होते. ती येऊ नये म्हणून पुढच्या गाडीला चिकटणं धोक्याचं आहे. दुचाकीस्वार वळणार आहे हे इंडिकेटरच्या आधी त्याच्या मानेवरून कळतं. रिक्षाचं पुढचं चाक बघा, ते आधी वळतं, रिक्षा नंतर; आणि चालक फुटपाथकडे बघत असेल तर तो थांबणार हे नक्की.

स्टॉपवरून बाहेर पडणाऱ्या पीएमपीच्या किंवा बेस्टच्या बसला जागा द्या. तिच्यात पन्नास माणसं असतात. सतत पार्किंग आणि स्टॉप असलेल्या रस्त्यावर डावी लेन धरून आत-बाहेर करण्यापेक्षा मधली धरून एका वेगाने चालणं बरं.

पावसाळ्यात खड्डा चुकवणं हाही लेनबदलच असतो, तोही न बघता, न सांगता केलेला. खड्डा दिसला की वेग कमी करून तो सरळ पार करा; चाक आपटेल, पण शेजारचा स्कूटरवाला वाचेल. लेनचे पट्टे पाण्याखाली दिसत नाहीत तेव्हा पुढच्या गाडीच्या चाकांच्या रेषेत राहा आणि अंतर तीन-चार सेकंदांवर न्या.

कुणी मध्ये घुसला तर

अंतर ठेवलं की कुणीतरी घुसतोच, मग ठेवायचं कशाला, असं नवे चालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर आकड्यात देतो: एक गाडी पुढे आली म्हणजे तुम्ही साधारण दोन सेकंद मागे गेलात. ऑफिसच्या वाटेवर दहा जण घुसले तर वीस सेकंद. तेवढ्याच्या बदल्यात तुम्हाला ब्रेक कमी लागतो, क्लच कमी दाबावा लागतो, आणि पुढून आलेली लाट तुमच्या त्या मोकळ्या जागेत जिरते. पुढचा थांबत-निघत चालला असताना तुम्ही त्याच्या मागे एका संथ वेगाने चालू शकलात, तर तुमच्या मागचे सगळेच संथ चालतात. हे कुणाला दिसत नाही, पण मागच्या वीस गाड्यांना ते मिळतं. डिपर मारून, हॉर्न दाबून घुसलेला माणूस परत जात नाही. पाय उचला आणि अंतर पुन्हा घ्या.

कायदा आणि एक्स्प्रेसवे

मोटार वाहन वाहनचालन विनियम, २०१७ नुसार, लेन आखलेल्या रस्त्यावर लेनमध्येच चालायचं आणि इशारा देऊनच ती बदलायची. विनियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ खाली ५०० ते १००० रुपये दंडाची तरतूद आहे. नियमबाह्य आणि धोकादायक ओव्हरटेक कलम १८४ खाली येतो, तिथे शिक्षा बरीच जड आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर लेन मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्यांची नजर असते आणि चलन घरी येतं.

एक्स्प्रेसवेवर शहरातला सराव झाल्याशिवाय जाऊ नका. तिथे डावी लेन जड वाहनांची, मधली आपली, उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. ओव्हरटेक झाला की मधल्या लेनमध्ये परत या. उजवीत ८० ने रमलात तर मागचे डावीकडून काढू लागतात आणि अपघात तिथेच होतात. ताशी १०० ला दोन सेकंद म्हणजे ५५ मीटर, आणि इंडिकेटर तीनऐवजी पाच सेकंद आधी. घाटात ट्रक ट्रकला ओव्हरटेक करत असतो तेव्हा तीनही लेन हळू होतात. तिथे वाट काढायला बघू नका.

वळण चुकलं तर

पुढे जा. शहरात पुढचा यू-टर्न एक-दोन किलोमीटरवर असतो, चार-पाच मिनिटांचं काम. नकाशा स्वतःहून नवा रस्ता दाखवतो. एक्स्प्रेसवेवर एक्झिट चुकला तर पुढच्या एक्झिटपर्यंत जायचं, कडेला थांबून रिव्हर्स अजिबात घ्यायचा नाही. आणि निघतानाच शेजारी आणि मागे बसलेल्यांना सांगून ठेवा: वळण हुकलं तर "अरे, इकडे, इकडे!" असं ओरडायचं नाही. नव्या चालकाचा हात त्या आवाजासरशी स्टीअरिंगवर वळतो, आरशात न बघता. त्यापेक्षा नकाशा धरायचं काम त्यांच्याकडे द्या आणि वळण अर्धा किलोमीटर आधी सांगायला लावा, तेही कोणत्या लेनमध्ये जायचं त्यासकट.